थांबा म्हणण्याचा अधिकार

(नागपूर येथील सदर भागात, बांधकाम कामगारांच्या प्रश्नावर झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मी अर्थशास्त्राचा माणूस. क्रेन, गर्डर आणि परांची यांविषयी बोलण्याचा अधिकार अभियंत्याचा किंवा खलाशाचा. ‘बांधकामाच्या जागी उभारणीचे काम सुरक्षितपणे कसे व्हावे’ हा विषय संयोजकांनी सुचविला, तेव्हा मी प्रथम नकारच देणार होतो. परंतु माझ्या घरासमोर घडलेल्या एका लहानशा संभाषणाने हा विषय मला माझ्या प्रांतात आणून सोडलेला होता. तेथूनच आरंभ करतो.

येथून फार दूर नाही, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पाच मजली इमारत उभी राहिली. खाली दुकाने, वर कार्यालये आणि दर्शनी बाजूस काच. अलीकडे सदरमध्ये काचेवाचून इमारतीला प्रतिष्ठा मिळत नाही. काच बसविण्यापूर्वी तिच्यासाठी लोखंडी चौकट उभी करावी लागते. ती उभारणाऱ्यांमध्ये बालाघाटकडचा एक विशीतला मुलगा होता. चौथ्या मजल्याच्या कडेवर तो उभा असे. डोक्यावर हेल्मेट, अंगात सुरक्षा पट्टा, आणि पट्ट्याचा दोर हुकासकट पाठीवर लोंबकळत असलेला. दुपारी तो चहासाठी खाली आला, तेव्हा मास्तरकीच्या सवयीने मी त्याला विचारले, की बाबा रे, पट्टा घातलास तर हूक का अडकवीत नाहीस? तो हसला आणि म्हणाला, “बाबूजी, अटकाऊँ किस में?”

मी वर पाहिले. खरोखरच तेथे अडकविण्याजोगे काही नव्हते. स्लॅबची कडा उघडी, खांब गुळगुळीत, आणि बाहेरची बांबूची परांची अशी, की तिच्यात हूक अडकविला असता तर माणसाबरोबर परांचीही खाली आली असती. मुलाला पट्टा देण्यात आला होता, पट्ट्याचे छायाचित्रही बहुधा कोठेतरी नोंदीला लागले असेल. पण ज्या दोरावर तो पट्टा अडकावयाचा, तो दोर ताणणे हे कोणाच्याच कामात धरलेले नव्हते. तेव्हापासून मी या प्रश्नाकडे पाहतो आहे, आणि मला जे दिसले ते आपल्यापुढे मांडतो.

उभारणीचे काम हे बांधकामातील सर्वांत नाजूक काम का, हे एका अभियंत्याने मला फार सोप्या शब्दांत समजावून दिले. हा माझा एके काळचा विद्यार्थी. अर्थशास्त्र सोडून तिकडे गेला आणि बरे केले. तो म्हणाला, “सर, पुरा झालेला पूल कसा उभा राहील हे आराखडा सांगतो. अर्धा झालेला पूल आज रात्री कसा उभा राहील, याचा आराखडा निराळा करावा लागतो.” अर्धवट जोडलेली तुळई, न आवळलेले बोल्ट, एका खांबावरून दुसऱ्या खांबावर सरकत असलेले यंत्र, ही सर्व तात्पुरत्या आधारावर असतात. धोका याच काळात सर्वांत अधिक, आणि घाईही याच काळात सर्वांत अधिक.

या कामाची रीत अज्ञात आहे असे नाही. पोलादी सांगाड्यांच्या उभारणीसाठी सुरक्षा संहिता भारतीय मानक संस्थेने १९७४ सालीच प्रसिद्ध केली. तिचा क्रमांक आय. एस. ७२०५. बालाघाटच्या त्या मुलाच्या जन्मापूर्वी सुमारे तीस वर्षे ती अस्तित्वात होती. आणि जाणकार खलाशी जे सांगतो ते तर कोणत्याही संहितेहून जुने आहे. उचलावयाच्या वस्तूचे वजन आधी ठाऊक असले पाहिजे. क्रेनचा हात जितका लांब पसरावा तितकी तिची उचलण्याची ताकद घटते, म्हणून अंतर मोजून ठेवावयाचे. क्रेनचे पाय ज्या जमिनीवर टेकतात ती भरावाची आहे की घट्ट, हे आदल्या दिवशी पाहावयाचे. नागपूरच्या काळ्या मातीत तर पावसाळ्यानंतर हे दोनदा पाहावे. तारदोराचे तुटलेले धागे मोजावयाचे. वारा ठरल्या मर्यादेबाहेर गेला की काम बंद. टांगलेल्या ओझ्याखाली कोणीही असता कामा नये, पाटी घेऊन जाणारी रेजा नाही आणि तिच्या मागे मागे फिरणारे मूल तर नाहीच. ज्या दोरावर पट्टा अडकवावयाचा तो दोर तुळई जमिनीवर असतानाच तिला बांधावयाचा व मग तुळई वर चढवावयाची. या शेवटच्या नियमापाशी मी थोडा थांबलो. म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तो चौथ्या मजल्यावर चढण्याच्या आधी, जमिनीवरच, द्यावयाचे होते.

क्रेनच्या कामातील आणखी एक नियम मला त्या अभियंत्याकडून कळला, आणि माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचा तो कणा आहे. क्रेन चालविणाऱ्याला खुणा देणारा माणूस एकच असावा, असा दंडक आहे. दहा जणांनी दहा खुणा केल्या तर अनर्थ ओढवेल. चालक त्या एकाशिवाय कोणाचेही ऐकत नाही, मालकाचेही नाही. मात्र या दंडकाला एक अपवाद आहे. ‘थांबा’ ही खूण कोणीही केली, अगदी काल कामावर आलेल्या बिगाऱ्याने केली, तरी चालकाने ती तत्काळ पाळावयाची. का केली हे नंतर विचारावयाचे. चढविण्याचा अधिकार एकाचा आणि थांबविण्याचा सर्वांचा, असा हा या धंद्याचा शहाणपणा आहे. जगातील अनेक देशांच्या क्रेनविषयक नियमांत तो लिहिलेलाही आहे. प्रश्न एवढाच, की चालकाच्या केबिनबाहेर, कामाच्या एकंदर व्यवस्थेत, त्याला किती स्थान आहे?

शिवमडक्याला, आपल्या नागपूरच्या वेशीवर, समृद्धी महामार्ग सुरू होतो. लांबी ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. दोन्ही समारंभांची छायाचित्रे आपण पाहिली. या दोन तारखांच्या मध्ये एक रात्र येते. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, सरळांबे गावाजवळ, पुलाचे गर्डर चढविणारे अजस्र यंत्र गर्डरसह सुमारे शंभर फूट उंचीवरून कोसळले. २० जण मृत्युमुखी पडले. दूरदूरच्या राज्यांतून आलेली ही माणसे. कित्येकांचे नातेवाईक त्या रस्त्याने कधीही जाणार नाहीत. राज्य शासनाने प्रत्येकी ५ लाख व पंतप्रधानांच्या निधीतून प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले. गुन्हा दाखल झाला.

त्या दुर्घटनेचे तांत्रिक कारण सांगणे हे माझे काम नाही. मला कामाची रचना पाहावयाची आहे. रस्ता महामंडळाचा. बांधण्याचे कंत्राट एका कंपनीला. गर्डर चढविण्याचे खास काम दुसऱ्या कंपनीकडे. अशा कामांवर त्याखाली सामान्यतः माणसे पुरविणारा ठेकेदार असतो, त्याखाली मुकादम, आणि मुकादमाच्या शब्दावर गावाहून निघालेला माणूस. या उतरंडीत हुकूम वरून खाली फार वेगाने येतो. शंका खालून वर जावयाची झाल्यास तिला इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात, की ती पोचेपर्यंत रात्रपाळी संपून जाते. अशा कामावरच्या एखाद्या खलाशाच्या मनात रात्री अकरा वाजता शंका आली, की यंत्राचा आवाज आज निराळा येतो आहे, तर ‘थांबा’ म्हणण्याची त्याची प्राज्ञा आहे काय? आणि त्याने म्हटले, शंका खोटी ठरली, तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर ठेवतील काय? शहापूरला अशी शंका कोणाला आली होती किंवा नाही, हे मी म्हणत नाही. आली असती तर तिचे काय झाले असते, एवढेच विचारतो.

हा प्रश्न आपल्याच देशाचा किंवा अशिक्षित मजुरांचाच आहे, असे कोणी समजू नये. कॅनडात क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर पूल उभारला जात होता. १९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या पोलादी पट्ट्या वाकू लागल्याचे तेथील निरीक्षक अभियंत्याच्या ध्यानात आले. वाक दिवसागणिक वाढत होता. परंतु काम थांबविण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो ज्यांना होता ते सल्लागार अभियंते न्यूयॉर्कला राहत होते. म्हणून हा बिचारा आगगाडीने न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टला सकाळी सल्लागारांनी त्याचे ऐकून घेतले आणि पुलावर आणखी भार घालू नये अशी तार केली. ती तार पेनसिल्व्हेनियातील कंपनीच्या कचेरीत गेली. पुलावर ती पोचलीच नाही. त्याच दिवशी, कामाची सुट्टी होण्याच्या सुमारास, पूल नदीत कोसळला आणि ७५ कामगार मेले. त्यांपैकी ३३ मोहॉक जमातीचे, काह्नवाके या एकाच वस्तीतले होते. विज्ञान होते, मोजमाप होते, इशाराही होता. ज्याला दिसत होते त्याच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्याच्या हाती अधिकार होता तो शेकडो मैल दूर बसला होता.

आता याच्या उलट उदाहरण पाहण्यासाठी आपल्याला फार लांब जावयास नको. येथून थोडे पुढे गड्डीगोदामला चला. खाली कामठी रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो, अशी ती चार मजली रचना आहे. सुमारे १६५० टनांचा पोलादी गर्डर तेथे रुळांवरून पलीकडे नेण्यात आला. चालत्या रुळांवर असे काम करावयाचे तर रेल्वेकडून ‘ब्लॉक’ घ्यावा लागतो. अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत गाड्या बंद, ओव्हरहेड तारांतील वीज बंद, जबाबदार अधिकारी जागेवर, सर्व काही लेखी, आणि काम पुरे न झाले तर पुढचा ब्लॉक मिळेपर्यंत थांबावयाचे. ठेकेदार कितीही मोठा असो, रेल्वेपुढे त्याची घाई चालत नाही. शिवाय मेट्रोतून प्रवासी नेण्यापूर्वी सुरक्षा आयुक्ताची मंजुरी लागते, आणि हा आयुक्त रेल्वेच्या अमलाखाली नसतो; त्याचे कार्यालय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. ज्याची तपासणी करावयाची त्याच्याच हाताखाली तपासनीस असू नये, हे तत्त्व त्यामागे आहे. म्हणजे हवे तेव्हा आपल्याला हे सर्व जमते.

पण याच रेल्वेचे एक काम मिझोराममध्ये चालू होते. सायरांगजवळ नव्या लोहमार्गाच्या पुलावर २३ ऑगस्ट २०२३ रोजी, म्हणजे शहापूरनंतर महिन्याच्या आत, गर्डर चढविणारा सांगाडा कोसळला आणि २० हून अधिक कामगार ठार झाले. तेथून अद्याप गाडी धावत नव्हती. पुलावर आणि पुलाखाली जे होते ते केवळ कामगार. दोन्ही ठिकाणची परिस्थिती सर्वस्वी सारखी नव्हती, हे मला मान्य आहे. तरीही हा फरक माझ्या मनातून जात नाही. प्रवाशाच्या जिवासाठी ‘थांबा’ म्हणणारा एक स्वतंत्र अधिकारी आपण नेमला आहे. पूल बांधणाऱ्याच्या जिवासाठी असा कोण आहे?

येथे माझे अर्थशास्त्र सुरू होते. काम थांबविले तर खर्च येतो. क्रेनचे भाडे चालूच राहते, पथकाची मजुरी पडते, मुदत चुकल्यास करारातील दंड लागतो. हा खर्च निश्चित आहे, तो आजच दिसतो, आणि ज्याने थांबविले त्याच्या नावावर मांडला जातो. न थांबविण्याचा खर्च संभाव्य असतो, उद्याचा असतो, आणि घडलाच तर बालाघाटच्या एखाद्या घरात जाऊन पडतो. असा हिशेब समोर असताना मुकादमाने, फोरमनने, साइट इंजिनिअरने काम चालू ठेवले, तर त्याला दुष्टच असावे लागते असे नाही. हिशेबच तसा मांडलेला आहे.

आणि त्या घरात जाऊन पडणाऱ्या खर्चाची आपण किंमत काय लावली आहे? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे सूत्र आता सामाजिक सुरक्षा संहितेत उतरले आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. या हिशेबासाठी वेतनाची मर्यादा २०२० साली १५,००० रुपये ठरविण्यात आली. ती धरली, तर तीस वर्षांच्या माणसासाठी ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. उंचीवर काम करणारा कुशल खलाशी महिन्याला २५,००० मिळवीत असला तरी गणित १५,००० चेच. ही रक्कमही विमा उतरविला असल्यास विमा कंपनीने द्यावयाची. वर्गात मी मुलांना सांगत असे की किंमत ही एक सूचना असते. ती माणसाला काही करावयास किंवा न करावयास सांगते. ही किंमत बांधकामाच्या धन्याला काय सांगते, हे आपणच ठरवा.

याचा अर्थ भरपाईसाठी लढू नये असा नाही. पण आपण कोठे लढलो आणि कोठे लढलो नाही, हे एकदा स्वतःला विचारले पाहिजे, आणि हे बोलताना मी स्वतःला वगळीत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बांधकाम कामगारांच्या संघटनांनी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासारख्यांना पुढे करून मोहीम चालविली, तेव्हा कोठे १९९६ साली बांधकाम कामगारांचा केंद्रीय कायदा झाला. त्या कायद्याचे दोन पाय होते. एक कल्याणाचा: उपकर, मंडळ, नोंदणी, मदतीच्या योजना. दुसरा सुरक्षिततेचा: ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कामावर सुरक्षा समिती, तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत, अशी ३८ व्या कलमाची आज्ञा. महाराष्ट्रात नियम २००७ साली झाले, मंडळ २०११ साली. मंडळ आले आणि आपण सगळे पहिल्या पायावर जाऊन बसलो. नोंदणीची शिबिरे, ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचे अर्ज, भांड्यांचा संच, सुरक्षा संच. मीही सदरमधल्या एका ओसरीवर बसून कितीतरी अर्ज भरले. गरिबाच्या घरात भांडी आली, यात वाईट काही नाही. पण इतक्या वर्षांत ३८ व्या कलमाखालची एखादी समिती नागपुरात कोठे बसते, तिच्यात कामगारांच्या वतीने कोण बोलतो, हे विचारण्यासाठी मी एकदाही कोणत्या कामाच्या फाटकाशी गेलो नाही. आपल्यापैकी कोणी गेला असेल तर त्याने हात वर करावा. मला आनंद होईल.

बरे, पहिला पाय तरी धड चालला काय? १९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर निकाल दिला. तेव्हा देशभरात उपकराचे ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झालेले होते आणि त्यांतले सुमारे ९,५०० कोटी खर्ची पडले होते. कोठे या पैशातून धुलाई यंत्रे व लॅपटॉप घेतल्याचेही न्यायालयाने नमूद केले. परांचीवर चढणाऱ्याला लॅपटॉप! असो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आणि १९९६ चा कायदा त्यांत विलीन झाला. नव्या संहितेत सगळेच वाईट आहे असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. मी ती मोडतो. सुरक्षा अधिकारी नेमण्यासाठी बांधकामावर पूर्वी ५०० कामगारांची अट होती, ती आता २५० वर आली. हे बरे झाले. परंतु सुरक्षा समिती ही आता शासनाच्या सामान्य किंवा विशेष आदेशावर सोपविली आहे. जे कायद्याच्या आज्ञेने होते ते शासनाच्या मर्जीवर आले. निरीक्षकाला ‘सुविधाकार’ असे जोडनाव मिळाले; तो कोणाची सुविधा पाहतो, हे कळेलच. आणि संहितेच्या १४ व्या कलमात कामगाराला एक हक्क दिला आहे, तो नीट वाचण्यासारखा आहे. आपल्या जिवाला तातडीचा धोका आहे असे त्याला सकारण वाटल्यास त्याने ते मालकाच्या, आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या, निदर्शनास आणावे. मालकाचे समाधान झाले तर तो उपाय करील. न झाले तर प्रकरण निरीक्षकाकडे जाईल आणि त्याचा निर्णय अंतिम राहील. या सबंध काळात तो कामगार कोठे असावयाचा, हे कलम सांगत नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो चौथ्या मजल्याच्या कडेवरच उभा असतो. क्वेबेकचा अभियंता निदान आगगाडीत बसला होता.

बांधकाम सुरक्षिततेसंबंधी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६७ क्रमांकाचा करार १९८८ चा आहे. त्याच्या १२ व्या कलमाचा आशय असा, की तातडीचा व गंभीर धोका आहे असे मानण्यास सबळ कारण असल्यास कामगाराला तेथून दूर होण्याचा हक्क असावा. आणि धोका असल्यास मालकाने काम ताबडतोब थांबवावे. निदर्शनास आणणे आणि दूर होणे, या दोहोंत जीव जाण्याइतके अंतर आहे. भारताने या करारावर संमतीची मोहोर उमटविलेली नाही.

कोणी म्हणेल, मजुराला एवढा अधिकार दिला तर तो रोज काम थांबवील. हा आक्षेप नवा नाही, आणि त्याचे उत्तर आपल्या विदर्भाच्या भूगर्भात आहे. उमरेड, सावनेर, वणी या भागांतील कोळसा खाणींत जा. १९५५ च्या खाण नियमांत पुढे अशी तरतूद आली, की ५०० वा अधिक माणसे असलेल्या खाणीत कामगार संघटनेशी विचारविनिमय करून कामगारांचेच निरीक्षक नेमावयाचे: एक खाणकामासाठी, एक यंत्रांसाठी, एक विजेसाठी. त्यांनी खाण पाहावी आणि वहीत शेरा लिहावा. त्यांना सर्वाधिकार नाहीत, आणि सर्व खाणींत ते सारख्याच जोमाने वागतात असेही नाही. पण कामगारांचा निरीक्षक आला म्हणून कोळसा निघावयाचा थांबला नाही. जमिनीखाली जे चालते ते जमिनीपासून शंभर फुटांवर का चालू नये?

आता पैशाकडे परत येतो, कारण त्यावाचून हे सर्व भाषणच राहील. शहापूरनंतर सहाच आठवड्यांनी, १० सप्टेंबर २०२३ रोजी, त्याच ठाणे जिल्ह्यात बाळकुम येथे एका ४० मजली इमारतीची कामाची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. सरकारी पूल असो की खाजगी इमारत, काम स्पर्धेत घेतले जाते. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. मग दर कोठून कमी करावयाचा? सिमेंटचा भाव, पोलादाचा भाव, डिझेलचा भाव सर्वांना सारखा. उरतो तो माणूस, आणि माणसाभोवतीचा दोर, जाळी, कठडा. म्हणून सुरक्षिततेचा खर्च स्पर्धेच्या बाहेर काढला पाहिजे. हाँगकाँगच्या शासनाने आपल्या सार्वजनिक कामांत १९९६ पासून, म्हणजे आपला कायदा झाला त्याच वर्षापासून, हे केले. कंत्राटाच्या किमतीच्या सुमारे दोन टक्के रक्कम सुरक्षिततेच्या बाबींसाठी निराळी ठेवावयाची. तिच्यावर कोणी कमी बोली लावू शकत नाही. जाळी लावली तर जाळीचे पैसे, समितीची बैठक झाली तर बैठकीचे पैसे. नाही केले तर नाही. यात क्रांतिकारक असे काही नाही. एक चांगला मुनीम हे सुचवू शकला असता. आपल्या महापालिकेच्या आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदांत अशी निराळी बाब असावी, आणि तिच्यातच ‘धोक्यामुळे थांबलेल्या तासांची मजुरी’ हेही एक कलम असावे, ही मागणी मला तातडीची वाटते. थांबण्याचा खर्च आधीच कोणाच्या तरी हिशेबात धरलेला असेल, तरच मुकादम ‘थांबा’ ऐकून घेईल.

हे मला सुचले तेही त्या इमारतीपाशीच. मुलाचे उत्तर ऐकून मी ठेकेदाराकडे गेलो. तो वाईट माणूस नव्हता. पूर्वी स्वतः गवंडीकाम केलेला, हातावर चुन्याचे जुने डाग असलेला. म्हणाला, “सर, दोर टाकतो. खांबाला कडी मारावी लागेल, वेल्डर बोलवावा लागेल. दोन दिवस पोरं बसून राहतील. ते दोन दिवस कोणाच्या खात्यात मांडू, तेवढं सांगा.” मला उत्तर देता आले नाही. चाळीस वर्षे मी खर्च आणि किंमत यांवर व्याख्याने दिली होती.

दोर त्याने पुढे टाकला, अर्ध्या लांबीला. उरलेल्या अर्ध्या भागात चौकट आधीच चढून झाली होती.

तेव्हा माझे म्हणणे असे, की नोंदणीचे अर्ज आपण भरीत राहू, पण त्याच वहीत एक नवे पान उघडू. ज्या ज्या कामावर आपल्या ओळखीचा माणूस आहे, त्या कामावर सुरक्षा समिती आहे काय, सुरक्षा अधिकारी कोण, आणि गेल्या महिन्यात धोका म्हणून काम कोणी थांबविले होते काय, थांबविले असल्यास त्याला त्या दिवसाची मजुरी मिळाली काय, हे लिहून काढू. संहितेखालच्या नियमांत दूर होण्याचा हक्क व थांबलेल्या वेळेची मजुरी यावी म्हणून मुंबईस निवेदन पाठवावयाचेच आहे. त्याला ही पाने जोडता येतील. माहिती कामगारांकडूनच मिळेल आणि ती ठिय्यावरच मिळेल. मंगळवारी बाजाराकडून जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की सकाळी साडेसातच्या आत पोचले पाहिजे. नऊनंतर तेथे ज्यांना काम मिळाले नाही तेवढीच माणसे उरतात.